माझ्यासमक्ष

त्या बाईने शाईचा पॅड माझ्या हवालदाराकडे परत ढकलला होता. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, तरी ते दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे आता आठवतही नाहीत. या प्रकरणात रक्त नव्हतं, पाठलाग नव्हता. होतं ते एक मुखत्यारपत्र, त्यावरचा एक अंगठा आणि एका सज्जन वकिलाचा गोल शिक्का.

भूकंपाला काही वर्षं लोटली होती. मी मूळचा हदगावकडचा, बदलीवर लातूरला आलेलो. लातूरचं तेव्हा एकच चाललं होतं: क्लास आणि ॲडमिशन. जून उजाडला की एसटी स्टँडवर पोरांच्या पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या आणि त्यांच्यामागे घामाघूम बाप. ज्याच्याकडे एक खोली जास्त होती त्याने तिच्यात तीन कॉट टाकल्या. गावाबाहेरच्या ज्या प्लॉटांत पूर्वी कुणी शेळीसुद्धा बांधली नसती, तिथे होस्टेलच्या पाट्या लागू लागल्या. अशा वेळी जागेच्या फसवणुकीचे अर्ज ठाण्यात येणारच, ते काही नवल नव्हतं.

ती बाई सकाळची हजेरी आटोपल्यावर आली. चाळिशीच्या आतली, किल्लारीकडची. दारात चप्पल काढून आत आली. ठाणे अंमलदार म्हणून आमचे एक जुने हवालदार बसले होते, उदगीरचे, बोलण्यात दख्खनी गोडवा आणि कामात घाई. मी शेजारच्या खोलीच्या उघड्या दारातून सगळं पाहत, ऐकत होतो.

तिचा नवरा लातुरात गवंडीकाम करायचा. त्याने शहराच्या कडेला एक छोटा प्लॉट बायकोच्या नावाने घेऊन ठेवला होता. "त्यो गणपतीला गावी आला, साहेब," ती म्हणाली, "आन् भूकंपात गेला. म्या आन् पोरगी तेवढ्या ऱ्हायलो." पोरगी आता दहावी झाली होती, चांगल्या मार्कांनी. बाईचा बेत साधा होता. प्लॉटवर दोन खोल्या काढायच्या, लातुरात शिकणाऱ्या पोरींना डबे करून घालायचे आणि आपली पोरगी शिकवायची. आणि अचानक किल्लारी–लातूर करणाऱ्या एका जीपवाल्याने तिला विचारलं होतं, "काकू, बांधकाम काढलं का? तुमच्या जागेवर विटा पडल्यात."

ती धावत आली तर तिच्या प्लॉटवर पायासाठी चुन्याच्या फक्कीने रेघा मारलेल्या. विटा उतरवून घेणारा माणूस म्हणाला, मी रीतसर खरेदी केलीय, तुमच्या मुखत्याराने लिहून दिलीय. मुखत्यार कोण? तर तिच्या दिराचा मुलगा, नांदेडला जागांच्या देवघेवीत फिरणारा. त्याच्या नावाने या बाईने म्हणे सर्वाधिकाराचं मुखत्यारपत्र करून दिलं होतं, नोटरीसमोर, अंगठा लावून.

हवालदारांनी फिर्याद लिहिली, वाचून दाखवली आणि सवयीने शाईचा पॅड पुढे केला.

बाईने पॅड परत ढकलला आणि तिचा आवाज एकदम चढला. "अंगठा न्हाई. सही करते म्या."

"अच्छा, अच्छा. करा सही," हवालदार ओशाळले.

तिने पेन घेतलं आणि एकेक अक्षर जोडत, ओठ घट्ट मिटून, पूर्ण नाव लिहिलं. नवऱ्याचं नाव मधे, आडनाव शेवटी, वर रेघ सरळ. मी उठून बाहेर आलो आणि विचारलं, "कुठं शिकलात?"

"पत्र्याच्या शेडात," ती म्हणाली. भूकंपानंतर लोक शेडांत राहत होते तेव्हा संध्याकाळी बायकांचा वर्ग भरायचा. "पैल्यांदा मदतीच्या कागदावर ह्यो पुतण्याच माझा हात धरून अंगठा लावून द्यायचा. लई लाज वाटायची. मंग शिकले. तवापासून कुणाला हात धरू दिला न्हाई."

तिने खरेदीदाराकडून मुखत्यारपत्राची झेरॉक्स आणली होती. खाली छापील ओळ होती, 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा', शेजारी काळा ठसा. त्याखाली नोटरीचा शिक्का, सही आणि 'माझ्यासमक्ष' हा शब्द. मी कागद पाहिला, मग फिर्यादीवरची ओली सही पाहिली. आमच्या हवालदारांनी आत्ता जी चूक केली होती तीच कुणीतरी आधी करून ठेवली होती. खेड्यातली विधवा म्हणजे अंगठाच, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

फसवणूक, बनावट दस्तऐवज आणि तोतयेगिरीची कलमं लावून गुन्हा दाखल केला. नांदेडला पथक पाठवून पुतण्याला आणलं. पोरगा पदवीधर, इस्त्रीचा शर्ट, बोलायला लोण्यासारखा. घाम नाही, घाबरणं नाही.

"काकी सोता आली हुती, साहेब. तिनंच करून दिलं. आता कुणी तरी कान भरले आसतील तिचे."

"अंगठा कुणी लावला?"

"काकीनं. वकीलसाहेबांसमोर. माझं सोडा, त्यांनाच विचारा ना. ते काय खोटं बोलतील?"

प्रत्येक प्रश्नाला हेच. वकीलसाहेबांना विचारा. अंगठ्याचे नमुने घेऊन पुण्याला अंगुली मुद्रा विभागाकडे पाठवले, पण तिथला अहवाल यायला महिने लागतात हे पुतण्यालाही ठाऊक होतं. तिकडे बाईने दिवाणी कोर्टात बांधकामाला मनाईचा अर्ज केला होता आणि त्याची तारीख तोंडावर होती. मनाई मिळाली नाही तर पाया भरला जाणार, आणि एकदा इमारत उभी राहिली की मग खरं कुणाचं हे शोधत बसायला पिढी जाते. बाई रोज पोरीला घेऊन ठाण्यात येऊन बसायची. काही मागायची नाही, नुसती बाकावर बसायची. त्या बसण्याचा त्रास मला आरोपीपेक्षा जास्त व्हायचा.

मी सरकारी वकिलांकडे गेलो. त्यांनी कपाटातून नोटरी कायद्याचं पातळ पुस्तक काढलं आणि माझी शाळा घेतली.

"नोटरी म्हणजे टेबल टाकून बसलेला शिक्केवाला असं लोकांना वाटतं," ते म्हणाले. "अहो, ती सरकारी नेमणूक आहे. किमान दहा वर्षं वकिली केल्याशिवाय अर्जही करता येत नाही. नेमणूक ठरावीक क्षेत्रापुरती, प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं, मुदत सरली की नूतनीकरण. एवढे सोपस्कार कशाला? तर त्याच्या एका शब्दावर कोर्ट विश्वास ठेवतं म्हणून. नोटरीसमोर झालेलं मुखत्यारपत्र खरं आहे असंच कोर्ट धरून चालतं. खोटं आहे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं."

"म्हणजे बाईने?"

"बाईने."

"आणि नोटरीने माणूस न बघताच शिक्का मारला असेल तर?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "त्याचं पहिलं कर्तव्यच ते. माणूस समोर हवा, त्याची ओळख पटायला हवी, मजकूर त्याला कळलाय याची खात्री हवी, सही किंवा अंगठा डोळ्यांदेखत व्हायला हवा. पण उगाच हात टाकू नका. नोटरीने नोटरी म्हणून केलेल्या कामाबद्दल सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय कोर्ट दखलच घेत नाही. तुम्ही दोषारोपपत्रात नाव घालाल आणि तोंडघशी पडाल."

घोडं तिथे अडलं होतं. नोटरीने 'ही बाई माझ्यासमोर आली नव्हती' एवढं म्हटलं तर तिची जागा वाचणार होती. आणि तसं म्हटलं तर त्याची स्वतःची अब्रू आणि शिक्का दोन्ही जाणार होते.

मी त्या नोटरी वकीलसाहेबांच्या घरी गेलो. शहरात त्यांना मान होता, आणि तो फुकटचा नव्हता. भूकंपानंतर कित्येक लोकांची कागदपत्रं त्यांनी फी न घेता करून दिली होती. चहा आला, बिस्किटं आली. मी मुखत्यारपत्र पुढे ठेवलं.

"शिक्का माझाच आहे," ते शांतपणे म्हणाले. "सहीही माझीच."

"बाई आली होती का?"

"इन्स्पेक्टरसाहेब, माझ्या समोर माणूस उभा असल्याशिवाय मी शिक्का उचलत नाही. मला चांगलं आठवतंय. गरीब बाई होती. मीच म्हणालो, सही येते का? तर नाही म्हणाली. मग अंगठा घेतला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. माझ्या अनुभवाने सांगतो, खोटं बोलणारा माणूस ओळखता येतो. हा माणूस खोटं बोलत नव्हता. आपण कधीच चुकत नाही यावर त्याचा इतका विश्वास होता की जे घडायला हवं होतं तेच घडलं म्हणून त्याला आठवत होतं. असल्या साक्षीदारापुढे पोलिसाची कुठलीच युक्ती चालत नाही.

खबर मिळाली ती आमच्याच हवालदारांकडून. पॅडच्या प्रसंगापासून ते जरा खजील होते आणि त्या बाईसाठी धडपडत होते. त्यांचा मेहुणा कोर्टाच्या आवारात झेरॉक्सचं मशीन चालवायचा.

"साहेब, मेहुणा बोलतोय, बाकी साल वकीलसाहेब एकदम कडक. माणसाला उभं करून चार सवाल विचारतात. पण ॲडमिशनचा सीझन आला की प्रतिज्ञापत्रांचा ढीग पडतो. मग मान वर होत नाही त्यांची. ज्युनियर आधीच 'ओळखतो' म्हणून सह्या करून ठेवतो, ते खालच्या खाली शिक्का मारत जातात. गड्डीत कुणी काय सरकवलं, कुणाला पत्ता?"

मी मुखत्यारपत्राची तारीख पाहिली. आदल्या वर्षीचा जुलै होता. ऐन ॲडमिशनचा मोसम.

आणि आत्ताही जुलैच चालू होता.

बाईला विचारलं, पोरीच्या ॲडमिशनला काही प्रतिज्ञापत्र लागतंय का? तर खरोखरच लागत होतं. शाळेच्या दाखल्यावर आणि रेशनकार्डावर बापाचं नाव वेगवेगळं लागलं होतं. मी म्हणालो, "उद्या कोर्टात टाइप करून घ्या आणि त्याच वकीलसाहेबांच्या रांगेत उभ्या राहा. एकच करायचं. त्यांनी सांगितल्याशिवाय कागदावर सही करायची नाही."

"आन् त्यांनी सांगितलंच न्हाई तर?"

"तर नाही करायची."

दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत कोर्टाच्या आवारात गेलो. पत्र्याच्या छपराखाली वकीलसाहेबांचं टेबल आणि त्याभोवती ही झुंबड. निलंग्याचे, औशाचे, अहमदपूरचे बाप, हातात प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत मार्कशीटा. "आवं, आमची बस हाय," "साहेब, क्लासची वेळ झाली पोराची," असा गलका. ज्युनियर कागद पुढे सरकवत होता, वकीलसाहेब शिक्का मारत होते, सही करत होते. शिक्का, सही, शिक्का, सही. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मला त्यांची दयाही आली. एवढ्या लोकांना परत पाठवायचं त्यांच्या जिवावर येत होतं, हे उघड दिसत होतं.

बाईचा नंबर आला. तिने कागद टेबलावर ठेवला. ज्युनियरने 'ओळखतो' म्हणून सही ठोकली. वकीलसाहेबांनी शिक्का मारला, 'माझ्यासमक्ष'वर सही केली आणि मान खाली ठेवूनच म्हणाले, "पुढचा."

बाई हलली नाही.

"अहो बाई, झालं तुमचं. चला, पुढचा!"

ती म्हणाली, "साहेब, माझी सही ऱ्हायलीच की."

मागून कुणीतरी हसलं. वकीलसाहेबांनी कागद परत ओढून घेतला आणि पाहिला. शपथ घेणाऱ्याच्या सहीची जागा कोरी होती, आणि तिच्या खाली त्यांचा शिक्का होता, की हिने माझ्यासमक्ष सही केली. मग त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. बाई दिसली, तिच्यामागे मी दिसलो.

"नमस्कार," मी म्हणालो. "ह्या बाईंना ओळखता का, साहेब?"

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. फार वेळ पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "यांना मी कधीच पाहिलेलं नाही."

"यांनीच तुमच्यासमोर अंगठा लावला होता. तुम्हाला चांगलं आठवत होतं."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. गलकासुद्धा कमी झाला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, परत घातला आणि स्वतःचं पेन बाईपुढे धरलं. "करा सही," एवढंच म्हणाले. बाईने ओठ मिटून तिचं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, वर रेघ ओढून. तिची रेघ पूर्ण होईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. मग तो कागद बाजूला ठेवला, दुसऱ्या दिवशी नवा टाइप करून आणायला सांगितला आणि ज्युनियरला म्हणाले, "आजचं काम बंद."

मला वाटलं होतं, आता कायद्याच्या आड जातील. ते स्वतः चालत ठाण्यात आले. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले, "मी पैसे खाल्ले असते तर मला इतकं वाईट वाटलं नसतं हो. लोकांची गैरसोय नको म्हणून करत गेलो." आणि त्यांनी आपल्या हाताने लिहून दिलं, की सदर मुखत्यारपत्र करताना सदर महिला माझ्यासमोर हजर नव्हती. आपल्या विरुद्ध असं लिहिणारा वकील मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

तो कागद पुतण्यासमोर ठेवला. "तू म्हणाला होतास, वकीलसाहेबांना विचारा. विचारलं." त्याने वाचलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"अंगठा कुणाचा?"

"माझाच," तो म्हणाला. "मला वाटलं, काकीचा अंगठाच आसतो. भूकंपात म्याच लावून द्यायचो की. तिला सही येती हे... मला कुठं म्हाईत, साहेब."

बाई बाकावर होती. तिने ऐकलं. ती चिडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, "माझा हात धरला तवा मला वाटलं हुतं, घरात एक तरी मानूस ऱ्हायला." आणि पदराने डोळे पुसले. पुतण्याने मान खाली घातली, ती कोर्टात जाईपर्यंत वर केली नाही.

वकीलसाहेबांनी दिवाणी कोर्टातही तीच साक्ष दिली. बांधकामाला मनाई मिळाली, पुढे यथावकाश ते खरेदीखत रद्द झालं. पुण्याचा अहवालही आला: ठसा पुतण्याचा. त्याला शिक्षा झाली. वकीलसाहेबांबद्दलचा अहवाल मी नियमाप्रमाणे वरिष्ठांमार्फत सरकारकडे पाठवला. चौकशीचं पत्र येण्याआधीच त्यांनी प्रमाणपत्र आणि शिक्का परत केला. वकिली चालू ठेवली, पण ते टेबल पुन्हा लागलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. पण अहवाल पाठवल्याचा पस्तावा मात्र नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. मी सांगतो, लबाडाला फार हुशारी लागत नाही. चांगली माणसं घाईत असली की त्याचं काम होऊन जातं. पुढे मी जिथे ठाणेदार होतो तिथे शाईचा पॅड ड्रॉवरमध्ये असायचा. आधी पेन पुढे करायचं, असा माझा हुकूम होता.

निवृत्तीनंतर मी लातुरातच घर केलं. मध्यंतरी घर माझ्या आणि पत्नीच्या दोघांच्या नावाने असल्याबद्दल एक प्रतिज्ञापत्र लागलं. कोर्टात गेलो तर एका टेबलामागे नव्याने नोटरी झालेली एक वकील बसली होती. पाटीवरचं आडनाव ओळखीचं वाटलं. तिने मान वर केली आणि ताडकन उभी राहिली. "साहेब! किल्लारीची मी. त्या बाकावर आईच्या शेजारी बसायचे, आठवतं?"

आईची चौकशी केली. त्या दोन खोल्यांवर आता मजला चढला होता, आणि आई अजून पोरींना डबे घालत होती. मी कागद पुढे केला. माझी सही मी तिच्यादेखत केली, पत्नीची घरूनच करून आणली होती.

तिने कागद वाचला. "काकू कुठे आहेत?"

"घरी. गुडघे दुखतात तिचे. अगं, सही तिचीच आहे, मी सांगतोय ना."

"त्यांना घेऊन या, साहेब."

"मला ओळखत नाहीस का तू?"

"ओळखते म्हणूनच सांगते," ती म्हणाली, आणि शिक्का ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

भर उन्हात रिक्षा करून घरी गेलो. पत्नीने वाटेभर मला आणि त्या पोरीला मनसोक्त बोलून घेतलं, "पोलिसात होता म्हणे, आणि एक शिक्का मिळेना!" पोरीने नवा कागद टाइप करून ठेवला होता. तिने काकूंना खुर्ची दिली, पाणी दिलं, मजकूर वाचून दाखवला, कळलं का विचारलं आणि पेन पुढे केलं. पत्नी कुरकुरत सही करत होती आणि ती पोरगी मान न हलवता, शेवटची रेघ पूर्ण होईपर्यंत, तिच्या हाताकडे पाहत होती.